श्रवणयंत्र की कानाचं मशीन?

मित्रांनो, मी एक जुने पान आहे. कागदाचे नव्हे, इंटरनेटवरचे. माझा मालक श्रवणयंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. बारा वर्षांपूर्वी त्याने माझ्या कपाळावर मोठ्या हौसेने 'श्रवणयंत्र दुरुस्ती केंद्र' असे लिहिले. आता गिऱ्हाइकांची रीघ लागणार, असे मला वाटले.

कोणी फिरकले नाही. शोधणाऱ्यांना मी दिसतच नव्हते.

मग एक बहाद्दर आला. "आठ दिवसांत पहिल्या नंबरवर आणतो," म्हणाला आणि माझ्या पांढऱ्या अंगावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द चारशे वेळा लिहून गेला. माणसांना ते दिसले नाही, पण इंटरनेटच्या शोधयंत्राने लबाडी पकडली आणि मला पार तळाला फेकले. माझा काय गुन्हा होता? त्या दिवसापासून मालक म्हणू लागला, "हा पानं वर आणायचा धंदाच चोरांचा."

त्याची वहिनी मात्र हेच काम सचोटीने करी. दुकान बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा ती आपणहून आली. दोन दिवस बसून तिने जुन्या गिऱ्हाइकांचे बोलणे ऐकले.

"भाऊजी, लोक 'कानाचं मशीन' म्हणतात. श्रवणयंत्र म्हणणारे अख्ख्या गावात तुम्ही एकटेच."

"शब्द बदलून पोट भरतं का, वहिनी? हे काय काम झालं?"

"ज्याला तुमची गरज आहे, त्याला तुमचा दरवाजा दाखवायचा. एवढंच काम. पण चार महिने लागतात, धीर धरा."

तिने ती पांढरी अक्षरे काढली आणि लिहिले, 'कानाचं मशीन शिट्टी मारतं? आवाज येत नाही? दुरुस्त करून मिळेल.' मला पहिल्यांदाच कंठ फुटला.

पण मालकाचे तोंड एकदा दुधाने पोळलेले. दोन महिने फोन वाजला नाही, तशी त्याने हत्यारे बांधली, दुकानाला कुलूप लावले आणि वहिनीशी बोलणे टाकले. आता तो एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसतो.

मित्रांनो, चौथ्या महिन्यात मी पहिल्या क्रमांकावर आले. रोज माणसे येतात. काल एका मुलीने निरोप लिहिला, 'आजोबांना काहीच ऐकू येत नाही, ते आता बोलतही नाहीत. दोनदा येऊन गेलो, कुलूप होतं. तुम्ही कुठे आहात?'

असे एकतीस निरोप माझ्याकडे पडून आहेत. त्याने एकही उघडलेला नाही आणि मला त्याला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या फाटकावरून जात असाल, तर पाया पडते, त्याला सांगा, वहिनी खरे बोलत होती.