मागचा डावा दिवा

“लागले का गं दोन्ही दिवे?” रेयोने गाडीत बसूनच विचारलं. पाय ब्रेकवर दाबलेला होता. मागून उत्तर आलं नाही.

सिल्वीचं उत्तर एका शब्दाचं असायचं. ‘लागला’ किंवा ‘नाही’. त्या सकाळी तेवढंही आलं नाही. रेयोने काच खाली केली.

“अगं, गोठलीस की काय? माझा पाय आखडला इथे.”

आरशात शेडचं दार दिसत होतं आणि दिव्याने लाल दिसणारा बर्फ. कॉफी उतू जाईल म्हणून आत गेली असेल, असं समजून तो आणखी थोडा वेळ तसाच पाय दाबून बसला. मग वैतागून उतरला.

सिल्वी गाडीच्या मागे बर्फात कुशीवर पडली होती. एका हातातला हातमोजा निघाला होता. ब्रेकचे दिवे विझले होते, पण मागच्या काचेतला वरचा लाल दिवा तिच्यावर जळतच होता.

शहरातून रुग्णवाहिका आली. आलेल्या बाईने तपासलं आणि हृदय बंद पडलं असं सांगितलं. “त्यांना काही कळलंही नसेल,” ती म्हणाली. रेयोने मान हलवली. त्या संध्याकाळी त्याने गाडी ढकलून शेडमध्ये घातली आणि कुलूप लावलं.

निवृत्त होईपर्यंत रेयो लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करत होता आणि सिल्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. हिवाळ्यात तळं गोठलं की रविवारी गावातले लोक त्यावर गाड्या पळवायचे, आणि शर्यतीआधी गाड्यांचे मागचे दिवे तपासायचं काम या दोघांकडे असायचं. काम क्षुल्लक वाटतं. पण खिळ्यांच्या टायरांनी उडवलेला बर्फ पिठासारखा हवेत लटकून राहतो. मागच्या गाडीला पुढचं काही दिसत नाही. दिसतो तो पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतला लाल दिवा. तो दिसला नाही, तर मागचा सरळ त्याच्यावर जाऊन आदळतो.

म्हणूनच काही हुशार लोक सीटखाली चोरबटण बसवायचे. वळणावर दिवा घालवायचा, मागचा आंधळा झाला की पुढे निसटायचं. एका वर्षी सिल्वीने असा एक दिवा विझताना काठावरून पाहिला आणि त्या गाडीला शर्यतीतून बाहेर काढलं. गाडी तिच्या सख्ख्या भावाची होती. योर्माने त्या नाताळाला बहिणीच्या घरचं जेवण घेतलं नाही. तेव्हापासून तळ्यावर तिचा नियम चालू झाला. चालकाने खाली उतरायचं, तपासणाऱ्याने स्वतः आत बसून ब्रेक दाबायचा, आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. रेयो बसायचा, सिल्वी बघायची.

पुढच्या हिवाळ्यात तळं गोठलं तेव्हा शर्यती भरवणाऱ्या क्लबचा अर्तो घरी आला.

“या वर्षीही दिवे तूच बघ. मागे उभी राहायला इनका तयार आहे.”

“सॉसेज विकणारी इनका? ती बोलायची थांबते तरी कधी?”

“मग काय, तुला ऐकू तरी येईल.”

नंतर योर्मा आला. टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला.

“रेयो, ती गाडी शेडमध्ये गंजवणार आहेस का? एका शर्यतीत मी ती सिल्वीच्या नावाने पळवतो. इंजिन बघतो मी.”

“दिवे?”

“दिवे तुम्ही दोघांनी बघितलेत ना.”

रेयो उठला. खिळ्यावरची किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली.

रविवारी थंडी कडाक्याची होती. रेयो एकेका गाडीत बसत गेला आणि इनका मागून ओरडत राहिली. “हा छान लागलाय! हा जरा मिणमिणतोय, पुसा रे काच, आंघोळ कधी घातली होती हिला?” लोक हसत होते. रेयोला तिचा आवाज फार मोठा वाटत होता.

योर्मा ती गाडी घेऊन सगळ्यांच्या शेवटी आला. न सांगताच उतरला. दारावर सिल्वीचं नाव रंगवलेलं होतं.

“बस. तुझीच जागा आहे.”

रेयोने सीटवर बसून किल्ली फिरवली.

“वरचा लागला!” इनका ओरडली. “झकास!”

त्याने ब्रेकवर पाय दाबला.

“उजवा लागला. डावा नाही.”

रेयो आरशात बघत राहिला.

“रेयो, डावा नाही लागत!”

“परत सांग.”

“डावा नाही!”

त्याने पाय काढला नाही. दोन्ही लागले का, हे त्याने त्या सकाळी घरच्या अंगणात सिल्वीला विचारलं होतं. उत्तर आज आलं, आणि ते दुसऱ्याच बाईच्या तोंडून आलं.

योर्माने दिव्यावर बुक्की मारली. बल्ब बदलला. दिवा लागला नाही. “तार तुटलीये कुठेतरी,” तो म्हणाला. शर्यतीची वेळ होत आली होती. अर्तो खिडकीशी वाकला.

“वरचा जळतोय ना, तोच महत्त्वाचा. तिच्या नावाची गाडी आहे, लोक वाट बघतायत. सोड रे आज.”

इनका अजून डाव्या दिव्याकडेच बोट दाखवत होती. रेयो गाडीतून उतरला आणि योर्माकडे वळला.

“तिने तुला सोडलं होतं का?”

योर्मा एक पाऊल पुढे आला. वाटलं, आता हा भांडणार. पण त्याने हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं.

“नाही. नाताळाचं जेवण टाकलं मी, तरीही नाही.”

दोघांनी मिळून गाडी रांगेतून बाहेर ढकलली. शर्यत तिच्याविना सुटली. पांढऱ्या धुरळ्यात लाल ठिपके शिरत होते आणि पलीकडून बाहेर पडत होते. योर्माने सॉसेज आणून एक रेयोच्या हातात दिलं.

“त्या दिवशी डावा लागत नाही हे तिला दिसलं असेल का रे?”

“दिसलं असेल तर ती ‘नाही’ म्हणणार होती,” रेयो म्हणाला.

“हो. ते म्हणायला तिला आवडायचंच.” योर्माने नाक पुसलं आणि काठाकडे पाहत राहिला.

गाडी आता पुन्हा शेडमध्ये आहे. दार मात्र रेयो कुलूप न लावता नुसतं ओढून घेतो. इनकाने सांगून ठेवलंय, काम झालं की फोन कर, मी मागे उभी राहायला येते. रेयोने आतला गालिचा उचलून सगळी तार बोटांनी चाचपली आणि मागच्या सीटखाली ती कुठे तुटली आहे ते शोधून काढलं. जोडायची अजून राहिली आहे.