बारा टनांचं इंग्रजी

बबिता आडे हिला इंग्रजी येत नव्हतं आणि चौतीस वर्षांत त्यावाचून तिचं कुठे अडलंही नव्हतं. अडलं ते एका ई-मेलमुळे.

बोरी अरबपासून तीन किलोमीटरवर आड्यांचा तांडा आहे. तिथे शेतकरी कंपनीची दाळ मिल आहे. तांड्यातल्या अकरा बाया ती चालवतात आणि कंपनीची अध्यक्ष बबिता. अध्यक्ष बाई असावी अशी सरकारी योजनेची अट होती. अध्यक्ष बाईने बोलावं अशी अट कोणी घातली नव्हती. ती बबितानं स्वतःच घातली.

मिलचं दुखणं असं की ती वर्षातले चारच महिने फिरायची. तूर निघाली की आजूबाजूचे लोक दाळ करून न्यायचे आणि मे संपला की यंत्रावर चादर पडायची. कंपनीचे सगळ्यात मोठे भागधारक वामनराव. त्यांना ती चादर बघवत नव्हती. त्यांनी मागच्या बैठकीत ठराव मांडला: बाराही महिन्यांची ऑर्डर मिळाली तर मिल तांड्यात राहील, नाही मिळाली तर यंत्र उचलून दारव्हा रोडवरच्या शेडमध्ये न्यायचं. शेड वामनरावांचं. ठराव एकमताने पास झाला. एकमताने म्हणजे वामनरावांच्या मताने.

आणि मग तो मेल आला. वणीकडच्या आणि इतरही कारखान्यांच्या कॅन्टीनला किराणा पुरवणारी नागपूरची एक कंपनी दाळ शोधत होती. यवतमाळच्या एका हॉटेलात येऊन दहा मिनिटांत आपली माहिती सांगा, इंग्रजीत सांगा, कारण बंगळुरूचे मोठे साहेब पडद्यावरून ऐकणार आहेत, असं त्यात लिहिलं होतं. दाळ तुरीची, तूर यवतमाळची, खाणारे वणीचे, पण निर्णय बंगळुरूला.

वामनरावांचा कपिल पुण्याहून एमबीए करून आला होता. तो दुसऱ्याच दिवशी तांड्यात हजर.

“वहिनी, तुमी फक्त बसा. मी बोलतो. नाई त माझं एमबीए कायले झालं?”

“ते तुह्या बापाले इचार,” बबिता म्हणाली. “मिल माही, बोलीन मी.”

“इंग्रजी?”

“दाळ करायलेबी आदी येत नोयती.”

शेवटी तोड निघाली. बोलणार बबिता आणि पडद्यावरची चित्रं कपिलची.

बोरी अरबच्या बाजारात कृषी केंद्राच्या माडीवर नागोराव सरांचा क्लास आहे. पूर्वी तिथे ‘दहावी इंग्रजी, पास होण्याची हमी’ अशी पाटी होती. बबितानं फोन केला त्याच संध्याकाळी ‘बारा दिवसांत बिझनेस प्रेझेंटेशन’ अशी पाटी लागली. सर तेच, फळा तोच, हमी मात्र काढून टाकली होती.

“प्रेझेंटेशनमध्ये तीन गोष्टी असते,” सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं. “पयले, आपण काय सांगणार ते सांगाचं. मंग ते सांगाचं. मंग काय सांगतलं ते सांगाचं.”

घरी आल्यावर बबितानं हे सासूला सांगितलं. सासू लालीबाई सुपात तूर पाखडत होत्या.

“एकच गोष्ट तीन खेपा?” लालीबाई म्हणाल्या. “वामनराव बिनाइंग्रजीचे करते ते.”

बारा दिवसांत बबितानं वही भरली. ‘गुड मॉर्निंग ऑल.’ ‘टुडे आय विल टेल यू थ्री थिंग्ज.’ ‘अ‍ॅज यू कॅन सी.’ ‘नाऊ लेट अस मूव्ह टू द नेक्स्ट पॉइंट.’ तिच्या लक्षात आलं, की हे इंग्रजी म्हणजे बैलगाडीमागे चालण्यासारखं आहे. गाडी पुढे जात असतेच, आपण फक्त ‘आता वळली, आता चढली’ असं म्हणत राहायचं. सरांचा एक नियम तिनं लाल शाईनं लिहिला: पडद्यावर जे दिसेल तेच तोंडातून निघालं पाहिजे.

सराव घरी, लालीबाईंच्या समोर. तांड्यात कोणी काही लांबलचक सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं प्रत्येक वाक्याला ‘हूं’ द्यायचा असतो. हूं म्हणजे होकार नाही. हूं म्हणजे तुझं इथपर्यंत पोचलं, पुढचं येऊ दे. हूं आला नाही तर सांगणारा पुढे जात नाही. एक तर ऐकणाऱ्याला कळलं नाही, नाही तर सांगणाऱ्यानं थाप मारली. दोन्हीला उपाय एकच, वाक्य पुन्हा सांगायचं. हूं देण्यात लालीबाईंचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांचा मुलगा, म्हणजे बबिताचा नवरा जीवन, रात्री उशिरा येऊन म्हणाला, “याडी, एसटी पंक्चर झालती.” आईनं हूं दिला नाही. जीवन उभाच राहिला. मग त्यानं एसटी वगळून, पत्त्यांचा डाव घालून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, तेव्हा कुठे हूं आला आणि भाकरी आली.

तर बबिता म्हणायची, “अवर दाल इज नॉट पॉलिश्ड.”

“हूं.”

“अवर मिल मेक्स ट्वेल्व टन इन वन मंथ.”

“हूं.” बारा टन ही गोष्ट खरी होती. ते बारा टन लालीबाईंनी स्वतः पोत्यात भरले होते. बाराव्या दिवसापर्यंत त्यांना सगळं भाषण चालीसकट पाठ झालं. अर्थ विचारला असता तर सांगता आला नसता, पण कुठे काय येतं ते भजनासारखं माहीत होतं.

ठरल्या दिवशी तिघं यवतमाळला पोचली. लालीबाई संचालक होत्या, सहीला लागतील म्हणून आल्या. हॉलच्या दाराशी कपिलनं त्यांना अडवलं.

“आजी, तुमी इथं कूलरपाशी बसा. अंदर प्रोफेशनल मीटिंग हाय.”

“बसतो,” लालीबाई म्हणाल्या. “माही बी प्रोफेशनल कंबर हाय.”

आत सलोनी मॅडम होत्या, नागपूर कंपनीच्या खरेदी अधिकारी. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन साहेब, हातात पेन घेऊन. भिंतीवरच्या पडद्याच्या एका कोपऱ्यात बंगळुरूचे मोठे साहेब, बिनआवाजाचे.

बबिता उभी राहिली. सरांनी शिकवलं तसं हसली. “गुड मॉर्निंग ऑल. टुडे आय विल टेल यू थ्री थिंग्ज अबाऊट अवर दाल.”

आणि थांबली.

कंपनीतली माणसं ऐकतात तेव्हा चेहरा हलू देत नाहीत. त्यांना तसं शिक्षणच असतं. मॅडम तिच्याकडे बघत होत्या, एक साहेब लिहीत होते, मोठे साहेब चहा पीत होते. हूं कुठूनच आला नाही. बबिताला वाटलं, पोचलं नाही. तिनं जरा मोठ्यानं पुन्हा सांगितलं. “टुडे आय विल टेल यू थ्री थिंग्ज अबाऊट अवर दाल.”

शांतता.

तिसऱ्यांदा ती ते इतक्या मोठ्यानं म्हणाली, की हॉटेलचा वेटर आत डोकावून गेला. तीन गोष्टींचं वचन तीनदा झालं होतं आणि गोष्ट अजून एकही नव्हती. कपिल कोटाचं बटण लावत अर्धा उठला.

“मॅडम, इफ आय मे—”

बबितानं त्याच्याकडे पाहिलं. तिला दारव्हा रोडवरचं शेड दिसलं. “वन मिनिट,” ती म्हणाली, बाहेर गेली आणि लालीबाईंना दंडाला धरून आत घेऊन आली. त्यांना पहिल्या रांगेत, मॅडमच्या शेजारी बसवलं.

“टुडे आय विल टेल यू थ्री थिंग्ज अबाऊट अवर दाल.”

“हूं,” लालीबाई म्हणाल्या.

आणि गाडी सुटली. तूर कुठून येते, तिला तेल-पाण्याचा हात कसा देतात, उन्हात किती दिवस ठेवतात, पॉलिश का करत नाहीत. वाक्य आणि हूं, वाक्य आणि हूं. एका साहेबांचं पेन हूंच्या तालावर हलायला लागलं होतं. पण तो साहेबांचा खाजगी प्रश्न.

चौथं चित्र आलं. निळ्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत मोठा आकडा. पडद्यावर जे दिसेल तेच तोंडातून निघालं पाहिजे. बबितानं वाचलं, “अवर मिल मेक्स सिक्स्टी टन इन वन मंथ.”

लालीबाई गप्प.

बबितानं वाट पाहिली. पुन्हा वाचलं, “सिक्स्टी टन.”

लालीबाईंनी पदर नीट केला आणि खिडकीबाहेर पाहिलं. भजनात इथे दुसरंच काही तरी येतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“चला ना पुढं,” कपिल दातांतल्या दातांत म्हणाला.

“साठ काहून लिवले?” बबितानं तसंच विचारलं.

“त्याहीले चाळीस पायजे महिन्याले. बारा सांगू काय? वहिनी, तो आकडा नाई, व्हिजन हाय.”

“इज देअर अ प्रॉब्लेम?” सलोनी मॅडमनी विचारलं.

बबितानं वही आठवून पाहिली. सुरुवातीची वाक्यं होती, वळणाची होती, शेवटच्या आभाराची होती. आपल्याच पडद्यावरचा आकडा खोटा आहे, असं सांगायचं वाक्य नागोराव सरांनी दिलं नव्हतं. बहुधा बिझनेस प्रेझेंटेशनमध्ये ते लागतच नसावं. आणि चाळीस मागणाऱ्याला बारा सांगितले तर ऑर्डर गेली, यंत्र गेलं, अकरा बाया पुन्हा दुसऱ्याच्या वावरात. साठ म्हणून पुढे जाता आलं असतं. पण हूंशिवाय पाय उचलत नव्हता.

मग ती तिच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य बोलली.

“मॅडम, धिस नंबर इज कपिलभाऊ नंबर. माय मिल इज ट्वेल्व.”

“हूं,” लालीबाई म्हणाल्या.

कपिलनं लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून आवाज आला. मोठे साहेब पहिल्यांदाच बोलत होते. ती वयस्कर बाई काय म्हणतेय, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“सर, शी सेज हूं,” बबितानं सांगितलं. “शी इज माय मदर-इन-लॉ. आय टेल राइट, शी टेल हूं. आय टेल राँग, शी टेल नथिंग.”

साहेबांनी कप खाली ठेवला. गेल्या आठवड्यात त्यांनी एकोणीस प्रेझेंटेशन ऐकली होती. त्या एकोणीसही वेळा लालीबाई शेजारी असत्या तर काय झालं असतं, असा काही तरी हिशेब चालला असावा. मग म्हणाले, “नेक्स्ट स्लाइड, प्लीज.”

त्यानंतर पडद्याकडे कोणी बघितलंच नाही. सगळे लालीबाईंकडे बघत होते. सहावं चित्र ‘तीन वर्षांत संपूर्ण भारत’ असं होतं. ते कपिलनं स्वतःहूनच दोनदा बटण दाबून पुढे ढकललं.

प्रश्न सुरू झाले. पावसाळ्यात वीज गेली तर काय करता?

‘दॅट इज अ व्हेरी गुड क्वेश्चन’ हे वाक्य वहीत होतं. पण आता बबिताला वहीची घाई राहिली नव्हती. “लाइट गो, वी सिट. लाइट कम, वी वर्क. नाइट ऑल्सो.” एवढं इंग्रजी लालीबाईंनाही कळत होतं.

“हूं.”

दाळीत खडा निघाला तर?

“पोता कम बॅक. वी गिव्ह न्यू पोता.”

“हूं.”

“आणि कधी निघालाय का खडा?” दुसऱ्या साहेबांनी न राहवून मराठीतच विचारलं.

“नाई,” बबिता म्हणाली.

लालीबाई गप्प.

“एक डाव निघालता,” बबिता म्हणाली. “मास्तरच्या दातात.”

“हूं.”

मॅडमनी दोन्ही साहेबांशी कुजबुज केली, पडद्यावर काही तरी बोलणं झालं. बारा टनांत चाळीस टनांची भूक भागणार नव्हती, हे उघड होतं. बबिता वहीचा कोपरा दुमडत उलगडत उभी होती. लालीबाई तेवढ्या वेळात मॅडमच्या साडीचा काठ बोटांत धरून बघत होत्या.

“पूर्ण ऑर्डर आम्ही देऊ शकत नाही,” शेवटी सलोनी मॅडम मराठीत म्हणाल्या. मोठ्या साहेबांचा आवाज आता बंद होता, त्यामुळे इंग्रजीचं काम संपलं होतं. “पण वणीकडच्या नऊ कॅन्टीन वेगळ्या काढता येतात. महिन्याला दहा टन. बाराही महिने. जमेल?”

“जमते,” बबिता म्हणाली आणि आपोआप सासूकडे पाहिलं.

“हूं.”

बाराही महिने. बबिता खुर्चीवर बसली. दहा मिनिटांच्या प्रेझेंटेशनला पस्तीस मिनिटं झाली होती आणि काय सांगितलं ते पुन्हा सांगायचं राहून गेलं होतं. कपिल बापाला फोन लावायला बाहेर गेला. काय सांगावं हे त्याला सुचत नव्हतं, कारण ठराव एकमताने झाला होता.

सलोनी मॅडमना दिवस चांगला गेल्यासारखा वाटत होता. त्या लालीबाईंकडे वळून गोड आवाजात म्हणाल्या, “आजी, आमच्या कंपनीत माल देणारा म्हणजे घरचा माणूस.”

लालीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मॅडम थांबल्या. पुढचं वाक्य तयार होतं, पण जीभ हलेना. त्यांनी घसा साफ केला. “म्हणजे... घरच्यासारखाच.”

लालीबाई गप्प. दोन्ही साहेब आपापल्या पेनकडे बघायला लागले.

“गाडी दर महिन्याच्या पाच तारखेला तांड्यात येईल,” मॅडम घाईनं म्हणाल्या.

लालीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

मॅडमनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग आवाज उतरवून म्हणाल्या, “पाच ते दहाच्या मधी कधीतरी.”

“हूं,” लालीबाई म्हणाल्या.