स्वतःचं गाऱ्हाणं

देवळात गाऱ्हाणं घालायचं झालं की गावाला गणपतच लागायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा आखातात अडकला, दुखणं कुणाचंही असो. नारळ ठेवून गणपत देवापुढे उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात ते मांडायचा. मागून सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. देवाला दुसऱ्या कुणाचं ऐकूच जात नसावं, अशी लोक त्याची थट्टा करत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा कसालला एसटी बदलून ओरोसला डायलिसिससाठी जायचं, आणि परत आल्यावर उठायचं त्राण नसायचं. पोटातून करायचं डायलिसिस घरच्या घरी होईल, पण त्याला बंद, स्वच्छ खोली हवी, असं डॉक्टर म्हणाले होते. गणपतच्या घरात तर जेवणाच्या ताटात आढ्यावरची माती पडायची. सगळा जीव सरकारी योजनेतून मिळणाऱ्या पक्क्या घरकुलावर टांगलेला.

घरकुलं सहा आणि यादीत त्याचं नाव अकरावं. ग्रामसभेत सरपंच म्हणाले, गरज पाहून सभा एक नाव वर घेईल, पण अडचण कुणीतरी उभं राहून सांगायला हवी. गणपत उठला. त्याची बायको यशोदा सोबत यायला निघाली होती, पण बायकांचं तिथे काय काम म्हणून त्यानेच तिला घरी बसवलं होतं.

त्याने तोंड उघडलं, पण ‘माझं’ हा शब्द काही केल्या बाहेर पडेना. समोर विनीता बसली होती. नवरा गेलेला, दोन मुली पदरात, वादळात घराची भिंत पडलेली. नजर तिच्यावर गेली आणि जीभ सुटली. तिचं दुखणं त्याने असं काही मांडलं की सभेतले सगळे हात वर गेले. विनीताचं नाव वर चढलं, सह्या झाल्या, सभा उठली.

घरी यशोदेने पथ्याप्रमाणे मोजून दिलेलं घोटभर पाणी पिऊन त्याने सगळं सांगितलं.

“आणि आपला?” तिने विचारलं.

“आपला गाऱ्हाणा आपणच कसा घालूचा?”

यशोदेने त्याच्या हातातलं रिकामं भांडं घेतलं. मग म्हणाली, “तुमचा घालूक मी होतंय मा.”

हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. दोन वर्षं सुया टोचून घेताना एकदाही न रडलेला गणपत तेव्हा रडला.