आरशातले दहा गुण

"करवत," बाई पुठ्ठ्याआडून म्हणाल्या.

"करवत," मिस्त्री म्हणाले.

"उशी."

"उशी."

"कुलूप. आणि घाई करू नका, आधी नीट ऐका."

"कुलूप. आणि घाई करू नका, आधी नीट ऐका," मिस्त्रींनी तितक्याच गंभीरपणे सांगितलं.

बाईंनी वहीत दहापैकी दहा गुण लिहून खाली लाल रेघ ओढली. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि आता त्यांच्या हाती एकच विद्यार्थी उरला होता, तो म्हणजे नवरा.

मिस्त्रींचं आयुष्य शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. नऊ वर्षांपूर्वी दोन्ही कान गेले, तरी धंदा अडला नाही. चालत्या यंत्रावर तळहात ठेवला की शटल कुठे घासतंय ते कळायचं. माणसांवर काही असा हात ठेवता येत नाही, म्हणून ते ओठ वाचायला शिकले. दोन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया होऊन आतल्या कानात बारीक तार बसली आणि कानामागे यंत्र आलं. ते सुरू केलं त्या दिवशी बाईंचा आवाज डब्यात खडे हलवावेत तसा ऐकू आला. तरी स्वारी खूश. "खडे तर खडे," म्हणाले, "नऊ वर्षं तेही नव्हते." दवाखान्यातल्या मुलीने बजावलं होतं की वाचणाऱ्याचं तोंड झाकून रोज शब्द वाचून घ्या, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो.

आता खरं सांगायचं तर आपले मिस्त्री अट्टल कॉपीबहाद्दर निघाले. बाईंच्या शेजारी कपाटाचा आरसा होता आणि पुठ्ठ्यामागचे ओठ त्यात अर्धेमुर्धे दिसायचे. मिस्त्रींना तेवढे पुरत. पहिल्या दिवशी नजर आपसूक तिकडे गेली. मग बाईंचा फुललेला चेहरा बघून खरं सांगायचा धीरच झाला नाही.

"लेकीला कळवलंय मी," वही मिटत बाई म्हणाल्या. "रविवारी अकराला फोन करणार आहे. चेहरा दिसतो तसला नाही, साधा. म्हटलं, तुझे बाबा दहापैकी दहा काढतायत."

लेक परगावी नोकरीला. फोनवरच्या चित्रात तिचे ओठ अडखळत हलायचे, वाचता यायचे नाहीत. नऊ वर्षं बापलेकीचं बोलणं म्हणजे फोनवर लिहून धाडलेल्या दोन-चार ओळी. त्या अक्षरांवरून पोरगी सुखात आहे की कण्हतेय, काही पत्ता लागायचा नाही. तिचा आवाज एकदा कानांनी ऐकायचा, एवढ्या हट्टापायी हा माणूस डोक्याला चीर पाडून घ्यायला तयार झाला होता. आणि आता तिच्याच समोर पितळ उघडं पडणार.

जेवताना त्यांनी सांगून टाकलं. "अगं, मी नक्कल करत होतो."

"कसली नक्कल?"

मिस्त्रींनी आरशाकडे बोट दाखवलं. बाई आरशाकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे, आणि मग घास हातात तसाच धरून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं पकडली मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि घरातला चोर सुटला."

आरशावर टॉवेल पडला. त्या संध्याकाळी दहापैकी दोन आले. गुरुवारी तीन. शनिवारी पाच, तेही बाईंनी एक शब्द तीनदा म्हटला तेव्हा.

"काठावर पास," बाईंनी निकाल दिला.

रविवारी फोन वाजला तसा मिस्त्रींनी तो जुन्या सवयीने कानाला लावला. काहीच नाही. त्यांचा चेहरा पडला.

"अहो, वर धरा, वर. यंत्राला," म्हणत बाईंनी त्यांचा हात कानामागे सरकवला.

खडखड आली. पुन्हा खडखड. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले, आणि त्या खडखडीतून शब्द वर आला. "बाबा?"

"बोल. हळू बोल पण. तुझा बाप काठावर पास झालाय."

पलीकडे ती हसली, आणि ते हसू त्यांनी चटकन ओळखलं. लहानपणीही ती अशीच मध्येच थांबून पुन्हा हसायची. मिस्त्रींना इतका आनंद झाला की त्यांनी बाईंचा दंडच पकडला.

लेक बोलू लागली. नवी खोली घेतलीय, खिडकी मोठी आहे, ऑफिस जवळ आहे. निम्मे शब्द वाटेतच सांडत होते, मिस्त्री उरलेले गोळा करत हं हं म्हणत होते. "सगळं छान चाललंय," ती म्हणाली. हे शब्द स्वच्छ आले, पण त्यांच्या पाठोपाठ श्वास कुठेतरी अडकला आणि तुटत तुटत सुटला.

"रडतेस होय गं?" मिस्त्रींनी विचारलं.

बाई चकित होऊन त्यांच्याकडे बघू लागल्या.

"नाही हो बाबा. सर्दी झालीय."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "मग होऊ दे सर्दी. फोन तेवढा ठेवू नकोस."