ठेकेदाराचा टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे. मित्रांनो, हसू नका. टॉवेलला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुमच्या मनात आलं असेल. तलवारीला असतं, जहाजाला असतं, फार तर भिंतीवरच्या घड्याळाला. पण मी एका ठेकेदाराला त्याच्या पायावर उभं केलं आहे, आणि तेही चारपैकी तीनच पाय उरलेले असताना. आता ऐकाल ना? मग नीट सरकून बसा.

माझा जन्म एका मोठ्या गिरणीत झाला. यंत्रांचा एवढा गदारोळ, की जन्मल्याबरोबर मी रडलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. आम्ही दोघं जुळे भाऊ. दोघांचा रंग निळा, काठाला पांढरी पट्टी. एका मावशीने आम्हाला खोक्यात घालून, वर फीत बांधून, आपल्या भाचीला लग्नात भेट दिलं. भाची घरोघरी टपाल वाटायचं काम करायची. तिचा नवरा फरशी बसवणारा मिस्त्री. बायको दिवसभर सायकलवर, नवरा दिवसभर गुडघ्यांवर, असा तो संसार होता.

टपालबाईने खोकं उघडलं, मला गालावरून फिरवलं आणि म्हणाली, "अहो, बघा तरी, किती मऊ आहे." त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं काढली. मग ती म्हणाली, "एक वापरायला काढू, एक पाहुण्यांसाठी ठेवू." वापरायला मी निघालो आणि भाऊ कपाटात गेला. त्या घरात पाहुणे फारसे यायचे नाहीत, आणि जे यायचे ते आपापला टॉवेल घेऊन यायचे. त्यामुळे भाऊसाहेब आजही तसेच आहेत, कोरे करकरीत, लेबलासकट. कपाट उघडलं की माझ्याकडे असे बघायचे, जणू आमची ओळखच नाही.

मी मात्र राबलो. पावसात भिजून आलेल्या टपालबाईचे केस पुसले, मिस्त्रीच्या अंगावरचं सिमेंट पुसलं. माझा निळा रंग उडाला, काठ उसवले, एका कोपऱ्याला भोक पडलं. मग एके सकाळी मिस्त्रीने माझी चौघडी केली आणि मला हत्यारांच्या पिशवीत कोंबलं. "गुडघ्याखाली घ्यायला बरा आहे," म्हणाला. संपलं आपलं, असं मला वाटलं. मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

पण हळूहळू मला त्या कामाची गोडी लागली. मिस्त्रीचं काम बघण्यासारखं होतं. फरशी बसवून झाली की तो माझ्यावर गुडघे टेकायचा, गाल जमिनीला लावायचा आणि एक डोळा मिटून उजेडाच्या दिशेने बघायचा. "फरशीत आपल्या दाढीचे खुंट दिसले पाहिजेत, तर ते पॉलिश," असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या घरात त्याने उरलेल्या संगमरवराच्या तुकड्यांची फरशी केली होती, आणि ती घासून घासून अशी चकचकीत केली होती की टपालबाई म्हणायची, "मला आरसा कशाला हवा, खाली बघून भांग पाडते." त्या फरशीवर सतरंजी टाकायला मिस्त्रीची मनाई होती.

अशाच एका कामावर आमची ठेकेदाराशी गाठ पडली. एक मातकट रंगाचं, एक कान मोडलेलं कुत्र्याचं पिल्लू कुठूनसं आलं आणि सरळ माझ्यावर येऊन बसलं. मिस्त्रीने गुडघे टेकायला मला ओढलं, तर ते उठेना. त्या दिवसापासून ते रोज आमच्याबरोबर कामावर. बाकीचे घाम गाळायचे आणि हा सावलीत बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा, म्हणून त्याचं नाव ठेकेदार पडलं. त्याला एकच वाईट खोड होती. ओलं सिमेंट दिसलं की त्यावरून चालत गेल्याशिवाय त्याचा जीव राहत नसे. "ठेकेदारसाहेब, अहो पाय," असं मिस्त्री ओरडायचा, मग पुटपुटत थापी घेऊन ठसे बुजवायचा. आपल्या कामावर एक डाग राहिलेला त्याला खपत नसे.

संध्याकाळी मात्र ठेकेदार कामावर नसायचा. टपालबाईच्या सायकलची घंटा वाजायच्या आधीच तो फाटकाशी हजर. गावातले यच्चयावत कुत्रे तिच्या खाकी पिशवीवर भुंकायचे. हा एकटाच तिला बघून शेपटीसकट सगळं अंग हलवायचा. "अख्ख्या दिवसात मला चांगलं वागवणारा हा एकच," ती म्हणायची.

आणि मग तो वाईट दिवस आला. आम्ही माल घ्यायला गेलो होतो, त्या दुकानाच्या आवारात फरश्यांची गाडी मागे घेताना मागचं चाक ठेकेदाराच्या मागच्या डाव्या पायावरून गेलं. मिस्त्रीने त्याला माझ्यातच गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्याकडे धाव घेतली. निरोप मिळताच टपालबाई वाटपाची पिशवी तशीच खांद्यावर घेऊन तिथे पोचली.

डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला आणि स्पष्टच सांगितलं, "पाय वाचणार नाही. काढला, तर कुत्रा वाचेल."

टपालबाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "अहो, पळणारं जनावर ते," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याला असं लोळत ठेवून कशाला जगवायचं? जाऊ द्या त्याला शांतपणे." ती दुष्टपणाने बोलत नव्हती, मित्रांनो. तिला त्याचे हाल बघवत नव्हते.

मिस्त्रीने ठेकेदाराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखालीच कागदाच्या घड्या घालाव्या लागतात. हा चालेल. माझ्यावर सोड."

शब्द दिला गेला होता, आणि तो खरा करायचा होता.

ऑपरेशन चांगलं झालं. ठेकेदार घरी येणार, त्या दिवशी मिस्त्रीला काय करू नि काय नको असं झालं. दुसऱ्या कुणी घरात गादी घातली असती, दुसऱ्या कुणी खाऊ आणला असता. आमच्या मिस्त्रीने काय करावं? त्याने फरशी पॉलिश केली. सकाळपासून खपून, सगळ्या घराची, कोपऱ्यांसकट. ठेकेदाराच्या स्वागताला.

ठेकेदार आला. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, अर्ध्या अंगावरचे केस काढलेले, टाक्यांची लांब रांग. मिस्त्रीने त्याला अलगद फरशीवर ठेवलं. उरलेला मागचा पाय सर्रकन सरकला आणि ठेकेदार भोंग्यासकट आपटला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा उठलाच नाही. हनुवटी जमिनीवर टेकून पडून राहिला, आणि त्या चकचकीत फरशीत त्याचंच तोंड त्याच्याकडे बघत होतं.

पुढे तो उठायचं नावच घेईना. घास तोंडाशी नेला तर खायचा, पण पाय हलवायचा नाही. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. जखम छान भरत होती. "पण हा उरलेला पाय वापरला नाही, तर त्यातली ताकद जाईल," त्या म्हणाल्या. "मग हा कायमचा बसेल. पोटाखालून टॉवेल घ्या, दोन्ही टोकं वर धरा आणि त्याला उभं करा."

टपालबाई तडक कपाटाकडे गेली आणि काय काढावं तिने? भाऊसाहेबांना. पाहुण्यांच्या टॉवेलला. मी हत्यारांच्या पिशवीतून बघत राहिलो. डॉक्टरीणबाईंनी त्याला हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि परत दिलं. "हा फार जाड आणि कडक आहे, टाक्यांना टोचेल. एखादा वापरून वापरून मऊ झालेला नाही का?"

मिस्त्रीने पिशवीतून मला बाहेर काढलं. मला उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवलं आणि ठेकेदाराच्या पोटाखालून घेतलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला कुणीतरी पुन्हा मऊ म्हटलं होतं. मी उसवलेल्या काठांसकट फुगलो.

पण काम काही जमेना. ठेकेदार घसरेल या भीतीने मिस्त्री मला इतका वर ओढायचा, की त्याचा पाय जमिनीला लागतच नसे. सगळं वजन माझ्यावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं कुत्रा चालतोय. तो चालत नव्हता, लटकत होता. हे फक्त मला कळत होतं, आणि टॉवेलला तोंड नसतं. मिस्त्री जरा सैल सोडायचा, पाय त्या गुळगुळीत दगडाला लागायचा, सरकायचा, आणि ठेकेदार तो पोटाशी ओढून घ्यायचा.

एका संध्याकाळी टपालबाई कामावरून आली, बूट काढले आणि पायमोज्यांनी आत येताना तिचाच पाय घसरला. दाराची चौकट धरून ती कशीबशी सावरली. मग तशीच उभी राहून फरशीकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "धडधाकट दोन पायांवर मला इथे चालता येत नाही. त्याला कसं येईल?"

"फरशीला नावं ठेवू नकोस," मिस्त्री म्हणाला.

"नावं नाही ठेवत. फरशी सुंदरच आहे. पण ती तुमच्या डोळ्यांसाठी आहे, त्याच्या पायासाठी नाही."

मिस्त्री रागावला. त्याने हट्टाने सतरंजी आणून टाकली, तर तीही ठेकेदाराला घेऊन घसरत भिंतीपर्यंत गेली. मग तो न जेवताच झोपला. मला वाटलं, हरलो आपण.

सकाळी मशीनच्या आवाजाने घर हादरलं. मिस्त्रीने घासायची मशीन आणली होती, तिला जाड दाण्याचा दगड लावला होता, आणि ठेकेदाराच्या अंथरुणापासून थेट दारापर्यंत तो आपल्या आरशासारख्या फरशीचं पॉलिश उतरवत चालला होता. मी त्याच्या गुडघ्यांखाली होतो. मध्येच त्याने मशीन थांबवली, उरलेल्या चकचकीत भागावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा सुरू केली. पांढरी धूळ उडाली, आणि ती खाली बसली तेव्हा घराच्या मधोमध एक खरखरीत, निस्तेज पट्टा उमटला होता. टपालबाई दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं काम."

त्या पट्ट्यावर ठेकेदाराचा पाय पहिल्यांदा टेकला आणि टिकला. त्याने खाली बघितलं, पुन्हा पाय दाबून खात्री करून घेतली, अगदी ठेकेदारासारखी. मग रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. तो एकटा मागचा पाय आधी बाजूला पडायचा. हळूहळू त्याने तो अंगाच्या मधोमध आणायला शिकून घेतलं. माझ्यावरचं वजन कमी कमी होत गेलं. मिस्त्रीला ते कळत नव्हतं, त्याच्या मुठी तशाच घट्ट. मला मात्र कळत होतं, आणि माझा आनंद माझ्यात मावत नव्हता.

आता अडचण दारातल्या पायरीची होती. उडी त्याला जमणार नव्हती. मिस्त्रीने पायरीवर सिमेंटचा उतार करायला घेतला. आपल्या सवयीप्रमाणे थापीने गुळगुळीत केला, मग स्वतःशीच हसला आणि झाडूने त्यावर रेघा ओढून तो खरखरीत केला. "दोन दिवस याच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही," असं घराला बजावलं आणि तो थापी धुवायला नळावर गेला. ठेकेदार आत अंथरुणावर होता. मी त्याच्या पोटाखाली तसाच सैल पडलो होतो.

तेवढ्यात फाटकाबाहेर सायकलची घंटा वाजली.

ठेकेदाराचा मोडका कान उभा राहिला. अंग ताठ झालं. आणि मित्रांनो, तो उठला. कुणी धरलं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं. मी त्याच्या पोटाखालून घसरलो आणि अंथरुणावर पडलो. तो खरखरीत पट्ट्यावरून टप्प-टप्प करत दारापर्यंत गेला, क्षणभर थांबला, ओल्या सिमेंटचा वास घेतला, आणि त्याच्या मधोमध पाय देत सरळ अंगणात उतरला.

"अहो पाय," मिस्त्री सवयीने ओरडला. आणि मग त्याला उमगलं, ते पाय चालत होते.

टपालबाईने सायकल सोडून दिली. सायकल पडली, पत्रांची पिशवी उलटी झाली. ती अंगणात गुडघ्यांवर बसली आणि ठेकेदार भोंग्यासकट तिच्या अंगावर कोसळला. त्याला कवटाळून ती रडत होती, हसत होती. "मी तुला जाऊ द्या म्हणाले होते रे," ती त्याला म्हणत होती. "नशीब, या माणसाने माझं ऐकलं नाही."

मिस्त्री हातात ओली थापी घेऊन उताराशी आला. सिमेंटवर तीन पायांचे खोल ठसे उमटले होते. सवयीने तो खाली वाकला, थापी टेकवली, आणि पुन्हा उचलली.

"बुजवत नाही?" टपालबाईने विचारलं.

"कसं बुजवू? साहेबांनी काम पास केलंय."

ठसे अजून आहेत. येणारा-जाणारा म्हणतो, अहो मिस्त्री, तुमच्या दारातच काम बिघडलंय, नीट करून घ्या. मिस्त्री छाती काढून हसतो. ठेकेदार आता तीन पायांवर असा पळतो की मिस्त्रीला दम लागतो. मी दाराजवळच्या खिळ्यावर असतो, त्याचे पाय पुसायला. एक पाय कमी, तेवढंच माझं काम कमी. भाऊसाहेब अजून कपाटात पाहुण्यांची वाट बघत आहेत. मला त्यांची कीव येते.

मित्रांनो, निरोप घेण्याआधी एवढंच मागणं आहे. जुनं झालं म्हणून कुणाला चटकन फेकून देऊ नका. मऊपणा यायला फार वर्षं लागतात. आणि कुणी पडलं, पुन्हा पुन्हा पडलं, तर त्याला दोष देण्याआधी खाली वाकून त्याच्या पायाखालची फरशी बघा. ती तुम्ही कितीही हौसेने केलेली असली, तरी बघा. मग जरूर तर तिचं पॉलिश उतरवा.

ती बघा, घंटा वाजली. जरा वाट द्या, ठेकेदार येतोय.