सातवी रेघ

मी जाकिटाचा कागदी पॅटर्न. पाठ, पुढा, बाही, कॉलर आणि खिसा असे माझे पाच तुकडे. प्रत्येक तुकड्यावर एकात एक सहा रेघा. सगळ्यांत आतली रेघ सडपातळ बाईची, सगळ्यांत बाहेरची भरल्या अंगाच्या बाईची. एका पाकिटात सहा जणींची सोय, असा माझा थाट होता. कागद मात्र कांद्याच्या सालीसारखा. कुणी जोरात शिंकलं तरी मी टेबलावरून उडायचो.

मला विकत आणलं एका निवृत्त नर्सबाईंनी. त्यांना सगळे अजून सिस्टरच म्हणतात. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या दर महिन्याला अदलाबदल भरवतात. घरी शिवणाऱ्या बायका उरलेली कापडं आणि वापरून झालेले पॅटर्न आणतात, आणि दुसरीचे घेऊन जातात. "मी नुसती बघायला आलेय" असं जी म्हणते, तीच पिशवी भरून नेते.

तिथे नियम एकच. पॅटर्न गिरवून घ्यायचा, कापायचा नाही. सगळ्यांना तो इतका पाठ होता, की नव्या बाईला सांगायचंच राहून गेलं.

ती नवी बाई शाळेत गणित शिकवायची. घरी नेऊन तिने मला फरशीवर पसरलं, आपली रेघ शोधली, सगळ्यांत आतली, आणि कात्री चालवली. हात इतका स्थिर, की कुठे वाकडं म्हणून गेलं नाही. बाहेरच्या पाच रेघांच्या पट्ट्या झाल्या आणि कचऱ्यात गेल्या. मला ओरडता येत नाही.

पुढच्या अदलाबदलीला मला घ्यायला बसवाली मावशी उभी होती. ती शहरात बस चालवते. दुकानातलं जाकीट तिच्या रुंद पाठीला होत नाही, आणि झालंच तर स्टिअरिंग वळवताना मुंढ्यात, बाहीच्या जोडाशी, उसवतं. एक तारखेपासून तिला पहाटेची फेरी लागणार होती आणि थंडी सुरू झाली होती. माझ्यासाठी ती तीन महिने थांबली होती.

तिने मला उलगडलं. "अगं बाई, ह्याला तर कुणीतरी सोलून आणलंय!"

सगळ्या टेबलाभोवती जमल्या.

"मी," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, कापायचाच असतो. दुसरा मिळेल का?"

"छापणं बंद झालंय त्याचं," सिस्टर म्हणाल्या.

"राहू द्या हो," मावशी म्हणाली. "शाल गुंडाळून चालवीन बस. म्हातारी समजून कुणी उठून जागा तरी देईल मला!"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. "मला पंधरा दिवस द्या. मी भरून काढते."

"बाई, हा काय गृहपाठ आहे?"

"आहे. माझा आहे आणि चुकलाय. परत करायला नको?"

बाईंनी माझ्या कडेने आलेखाचा कागद चिकटवला. एका मापातून पुढचं माप किती वाढतं ते पुस्तकातून काढलं, आणि पाचही रेघा पुन्हा आखल्या. मग सहाव्या रेघेवरून जुन्या चादरीचं कच्चं जाकीट शिवून त्या मावशीच्या घरी गेल्या. मावशी ते घालून उभी राहिली. छान बसलं होतं. मग तिने सवयीने दोन्ही हात पुढे केले आणि पाठीत टर्रकन आवाज झाला.

"जाऊ द्या आता, बाई. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं."

"उत्तर आलेलं नाही अजून." बाईंनी खुर्ची ओढली. "बसा. हे झाकण धरा आणि बस चालवा."

पातेल्याचं झाकण हातात घेऊन मावशी म्हणाली, "हॉर्न कुठाय ह्याचा?"

"उजवीकडे वळा."

"थांबा हो, आधी आरशात तर बघू दे!"

मावशी वळत होती आणि बाई टेप धरून तिच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसल्या होत्या. उभी पाठ आणि वळणारी पाठ यांत चांगला चार बोटांचा फरक निघाला. त्या दिवशी मला माझंच खरं कळलं. मी धडधाकट असतो, तरी मावशीला पुरलो नसतो. ज्याने मला आखलं, त्याच्या डोळ्यांपुढे जाकीट घालणारी नुसती उभीच असावी.

बाईंनी सहाव्या रेघेच्या बाहेर सातवी आखली. ती पाठीवर रुंद आहे आणि मुंढ्याशी वेगळीच वळते. दुसरी चादर कापली. मावशीने झाकण डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. या वेळी आवाज आला नाही. अदलाबदलीत कुणाच्या तरी पडद्यातून उरलेलं जाड निळं कापड मिळालं होतं. एक तारखेला पहाटे मावशी त्याचं जाकीट घालून बसमध्ये चढली.

आता मी जाडजूड झालोय. पाकिटात मावत नाही, बुटाच्या खोक्यात राहतो. टेबलावर बायका मला हातात घेतात, खोक्यावर चिकटवलेल्या जुन्या पाकिटावरचा शेवटच्या मापाचा आकडा वाचतात आणि मुकाट्याने परत ठेवतात. तुम्ही तसं करू नका. मला पूर्ण उलगडून बघा. तुमची रेघ सापडली नाही तर गणिताच्या बाईंना सांगा आणि खुर्चीवर बसून तुमचं रोजचं काम करून दाखवा. माझ्या कडेला अजून कागद चिकटवता येतो.