सुईच्या टोकाएवढी जागा

तार तिसऱ्यांदा खड्यावरून घसरली. आकारामने उजवे मनगट डाव्या हाताने घट्ट धरले आणि केसासारखी ती तार पुन्हा खड्यापाशी नेली. टेकायच्या आतच ती थरथरली.

"काहीच नाही," हेडफोन लावून बसलेले जिनपालशेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच आकारामला जड गेले.

शेठ मूळचे सांगलीचे. साताऱ्यात त्यांचे रेडिओचे दुकान होते. लढाई संपून वर्ष होत आले तरी बॅटऱ्या मिळत नव्हत्या, गिऱ्हाइकांचे रेडिओ फळीवर मुके पडून होते. बॅटरीवाचून चालणारा रेडिओ करून दाखवतो म्हणत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर फौजेचे बिनतारी यंत्र सांभाळून परतलेला औंधकडचा आकाराम सकाळीच दारात उभा राहिला होता. त्यावर मुंबई केंद्र लागले तर त्याला कामावर ठेवायचे ठरले होते. सोबत बायको होती, मनुबाई. छपरापासून मागच्या चिंचेपर्यंत तार ताणायला तिनेच हात लावला होता. आता दिवस मावळला होता. दिवसा इतक्या लांबचे पोचत नसे; मुंबई लागायची तर याच वेळेला. थोड्या वेळाने गावाकडची शेवटची मोटार सुटणार होती.

"पण बॅटरी नाही, तर हे बोलणार कशाच्या जोरावर?"

"हवेतनं येतंय तेवढ्याच जोरावर, शेठ." बोलताना आकारामचा आवाज मात्र स्थिर होता. "तांबं विजेला दोन्हीकडनं जाऊ देतं. चिनीमाती कुठनंच जाऊ देत न्हाई. ह्यो खडा मधला हाय. एका बाजूनं सोडतो, माघारी येऊ देत न्हाई. त्यानंच लाटंतला आवाज सुटा हुतो. पर अख्खा खडा तसा नसतो. एखादीच जागा असती, सुईच्या टोकाएवढी."

"दगडावर एवढा भरवसा?"

"विमानं हुडकायच्या यंत्रात बी असलाच खडा बसवत हुते. आमचा सायब म्हनायचा, पुढं समद्या यंत्रांत ह्येचंच राज्य ईल."

शेठनी खड्याकडे पाहिले. करडा, चकाकणारा, हरभऱ्याएवढा.

चौथ्यांदा तार निसटली तेव्हा आकारामने हात खिशात घातला.

"न्हाई जमत."

उंबऱ्याशी बसलेली मनुबाई उठून आली. "आवं, मी बगू?"

तो बाजूला झाला. ती बसली, कोपर टेबलावर टेकवले. गावात कुणाच्या पायात काटा मोडला की लोक तिलाच हाक मारत.

"दाबायची व्हय?"

"न्हाई. नुसती टेकवायची. दाबलीस तर बंद पडतंय."

"काट्यावानीच म्हना की."

तिने तार टेकवली, उचलली, तिळभर सरकवून पुन्हा टेकवली. दर वेळी ती शेठच्या तोंडाकडे बघे आणि शेठ मान हलवत. बाहेरून एक टांगा गेला. कंदिलाची वात कुणीतरी मोठी करायला हवी होती. कुणी जागचे हलले नाही.

"थांबा!" शेठनी एकदम हात वर केला. "हलू नका. बोलतंय कोणीतरी... बारीक, पण बोलतंय!"

मनुबाईने बोटे अलगद सोडली. तार जागेवर राहिली. शेठनी हेडफोन काढून तिला दिले. तिने ते कानाशी धरले, तिचे तोंड जरासे उघडे राहिले. मग तिने ते नवऱ्यापुढे केले.

"ऐका की."

आकाराम मागे सरला. सकाळपासून त्याने हेडफोन एकदाही कानाला लावले नव्हते. 'तुमीच ऐका' म्हणाला होता, आणि शेठना ती अदब वाटली होती.

मनुबाईने हात तसाच पुढे धरून ठेवला.

अखेर त्याने हेडफोन घेतले. आधी कानापासून बोटभर लांब धरले, मग लावले. मुंबईत कुणीतरी उद्याच्या हवेचा अंदाज सांगत होते. घाई नव्हती, प्रत्येक शब्द सुटा होता. तो डोळे मिटून उभा राहिला. सांगणाऱ्याने सगळे सांगून संपवले आणि नमस्कार केला, तेव्हाच त्याने हेडफोन उतरवले.

"सोमवारपासून या," शेठ म्हणाले.

"शेठ, ह्या हातानं माझ्याच्यानं..."

"मी दोघांना म्हणतोय."

दोघे मोटारतळाकडे निघाले. मग आकाराम म्हणाला,

"तिकडं आघाडीवर, टेकडीवरच्या चौकीत केरबा हुता. कोरेगावचा. रोज सांजंला यंत्रावर माझ्यासंगं बोलायचा."

तो घरी परतून आठ महिने झाले होते. हे नाव मनुबाईने आज पहिल्यांदा ऐकले.

"येक दिस, बोलता बोलता त्येचा आवाज मधीच तुटला..."

तो थांबला. तळावर मोटारीचा भोंगा वाजला. मनुबाईने पावले हळू केली.

"मंग?" ती म्हणाली.